खांब रजेवर

लग्नाच्या हॉलमध्ये मी आजही जागा धरते ती जिन्याजवळची. तिथून नवरानवरी दिसत नाहीत, अक्षता पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर पडतात आणि नातेवाईक आपसांत म्हणतात, बाईंना नोकरीचा शिष्टपणा चढलाय. चढू दे. मला आधी खांब बघावे लागतात. कुठला खांब सजावटीच्या कापडामागे दडवलाय, कुठला कुणी शटर बसवायला कोरलाय, आणि त्यातला एखादा गेलाच तर आपण कुठून निघायचं, हे मनाशी ठरल्याशिवाय मला जिलेबी गोड लागत नाही. हा रोग मला आमच्या घरमालकांनी लावला. लावला आणि औषध न सांगता निघून गेले.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं येईलच. शहापुरात त्यांना सगळे साहेब म्हणत, आपणही साहेबच म्हणू. ते मूळचे मुरबाडकडचे, भातशेतीवाल्या घरातले. पाटबंधाऱ्याच्या कामावर नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर जे हातात आलं त्यातून त्यांनी शहापुरात दोन मजली इमारत बांधली, तळमजल्यावर मागच्या खोलीत स्वतः राहिले आणि वरचे मजले भाड्यानं दिले. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "माझा भार दुसऱ्या कोणावर का टाकू?"

मला डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आईला घेऊन मी शहापुरात घर शोधत होते. आमच्याकडे घर शोधताना लोक आधी आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणीतरी घेतलेली असते. आईला याची इतकी सवय झाली होती की आडनाव सांगून झालं की ती उत्तराची वाट न बघता पायात चप्पल घालायला लागायची.

साहेबांनी आडनाव विचारलंच नाही. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी विचारलं, "लोखंडी कपाट आहे का तुमच्याकडे?"

"आहे, एक," मी म्हटलं.

"किती जड? दोघांनी उचलतं का चौघं लागतात?"

आईनं तोवर एक चप्पल घातली होती. ती तशीच थांबली. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, पाण्याचा ड्रम कुठं ठेवायचा नाही, तांदळाच्या गोणी एकावर एक न रचता आडव्या का मांडायच्या, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि किल्ली दिली. शेवटी आईनंच न राहवून आडनाव सांगितलं. साहेब म्हणाले, "असू दे. त्याला वजन नसतं."

तेव्हापासून आईच्या लेखी शहापुरात एकच माणूस होता.

इमारतीच्या सगळ्या खांबांवर त्यांनी ऑइलपेंटनं आकडे घातले होते. रविवारी सकाळी ते खडूचा तुकडा घेऊन बाहेर येत, एखाद्या खांबावर मोठी फुली मारत आणि आम्हा भाडेकरूंना अंगणात बोलावत. "हा आज रजेवर," ते जाहीर करत. मग पाढे म्हणवून घ्यावेत तशी उजळणी सुरू होई.

"याचं काम कोण करणार?"

"शेजारचे दोघं," आम्ही म्हणायचो.

"त्यांच्यापर्यंत भार कोण नेणार?"

"बीम."

"बीमच्या पोटात काय पाहिजे?"

"खालची सळई."

"कशी?"

"आरपार."

पहिल्या मजल्यावरच्या सुनीतावहिनींना या प्रकाराचं फार हसू येई. त्यांचे यजमान ठाण्याला नोकरीला, पहाटे निघून अंधार पडल्यावर घरी येणारे. वहिनी म्हणायच्या, "आमच्या ह्यांना साधी रजा गावत नाय, नि हितं खांबाला दर रविवारी." पण उत्तरं त्यांची सगळ्यांत आधी यायची. मी शिक्षिका असून मागे पडायचे. ज्या दिवशी ज्या खांबाची रजा, त्या दिवशी त्याच्यावरच्या खोल्यांत जड काही न्यायचं नाही असा साहेबांचा दंडक होता. पाहुणे आले तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवायचं. एकदा माझे मामा अंगानं भरभक्कम म्हणून त्यांना सुनीतावहिनींच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यावा लागला होता.

साहेबांना 'मजबूत' या शब्दाचा राग होता. कुणी इमारतीची तारीफ करायला तो शब्द वापरला की ते चिडत. "मजबूत म्हणजे काय? खांब तुटणारच नाही? ट्रक येतो, सिलेंडर फुटतो, कुणी शहाणा नळासाठी कोरतो. खांब तुटणार. तुटल्यावर काय, ते सांगा. एक पडला म्हणून शेजारच्यानं पडायचं नाही, शेजारच्यामागून तिसऱ्यानं पडायचं नाही. खरी परीक्षा तिथं असते."

हे सगळं मला कळलं ते आईच्या लुगड्यांमुळे. गच्चीवर कपडे वाळत घालायला तीन हुकांवरून एक दोरी बांधलेली होती. आईनं धुणं टाकून पाठ वळवली आणि साहेबांनी पक्कड घेऊन मधला हूक उपसून काढला. दोरी खाली झोल खाऊन आली, लुगड्याचे काठ जमिनीपासून वीतभर राहिले, पण पडलं काही नाही. आई ओरडणार तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, दोरी एकच होती म्हणून. मधल्या हुकाशी दोन तुकडे आणून गाठी मारल्या असत्या तर आता सगळं धुणं धुळीत असतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी खुलासा केला. ठेकेदार बीमची खालची सळई खांबापाशी आणून तोडतात, कारण रोजच्या दिवसांत तिथं तिला काम नसतं. खांब आहे तोवर त्या जागी ताण बीमच्या वरच्या अंगाला असतो. खांब गेला की तिथंच बीमचं पोट खाली येतं, ताण पोटात येतो, आणि पोटात सळई तुटक असेल तर दोन्ही तुकडे आपापल्या वाटेनं सुटतात. "म्हणून आरपार," ते म्हणाले. "एरवी ती नुसती पडून असते. ठेकेदार म्हणतो वाया गेली. जाऊ दे वाया. देव करो आणि जन्मभर वायाच जावो."

आईनं हूक परत ठोकून घेतला आणि मग त्यांना चहा दिला.

त्यांना लग्नाला नेणं म्हणजे एक परीक्षाच असायची. मुरबाडला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, आईनं आग्रहानं साहेबांना बोलावलं. हॉलमध्ये शिरताच ते गायब झाले. पंगत बसली तरी पत्ता नाही. शोधायला गेले तर साहेब किल्लीनं खांब वाजवत फिरताहेत आणि मागून मुलीचा बाप, घाम पुसत. त्याला वाटलं हे कुठल्या तरी ऑफिसातून तपासणीला आलेत. साहेबांनी वरच्या सज्जात रचलेले साउंडवाल्याचे खोके खाली उतरवायला लावले. साउंडवाला कुरकुरला, पण बापानं त्याला गप्प केलं. निघताना साहेबांना शाल आणि नारळ मिळाला. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे कशाबद्दल?" मी म्हटलं, "तुमच्या भीतीबद्दल." ते हसले नाहीत. शाल घडी घालून मांडीवर ठेवली.

ही भीती त्यांना कुठून लागली, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा एवढंच म्हणाले होते, "धरणाजवळ राहिलेला माणूस पाण्याकडे बघताना आधी वजन बघतो." पाण्यावरून ते भाडेकरूंशी सतत भांडत. पुढच्या खोलीत ड्रम नको, गॅलरीत पिंप नको. आणि पाणी म्हणजे तर आमचा जीव. आमच्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते आणि मे महिन्यात आम्ही हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभे असतो. टँकर आला की घरात जे जे भांड्यासारखं दिसेल ते भरायचं, पातेली, बादल्या, परातीसुद्धा. टँकर पुन्हा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. साहेब ओरडत राहायचे आणि आम्ही ड्रम लपवायचो. पुढच्या खोलीतल्या आमच्या ड्रमवर आईनं चादर टाकून वर फुलदाणी ठेवली होती.

त्या रविवारी टँकर सकाळीच आला. अंगण लहान, फाटक अरुंद, म्हणून टँकर मागं मागं घ्यावा लागे. सगळी इमारत हंडे-ड्रम घेऊन खाली उतरली होती आणि प्रत्येकजण ड्रायव्हरला वाट दाखवत होता. "येऊ दे, येऊ दे" म्हणणारे दहा जण, "थांब" म्हणणारा एकही नाही. भरलेला टँकर उतारावरून मागं आला आणि पुढच्या ओळीतल्या मधल्या खांबावर बसला. तो तीन नंबरचा खांब. आवाज फार मोठा झाला नाही. भाताची गोणी वरून टाकावी तसा झाला.

टँकर जरासा पुढं सरकला तेव्हा दिसलं. खांब गुडघ्याच्या उंचीवर चुरा होऊन गेला होता, आतल्या सळया बाहेर वाकल्या होत्या, आणि त्याच्यावरचा भाग खालच्या भागावर टेकलेला नव्हता. मधून पलीकडचा जिना दिसत होता. वरचा बीम मधोमध खाली आला होता. फार नाही, पण डोळ्यांना कळेल इतका. गॅलरीच्या कठड्याला तडा गेला, एका खिडकीची काच खळकन खाली आली आणि मग सगळं शांत झालं. त्या खांबाच्या बरोब्बर वर सुनीतावहिनींचं घर आणि त्याच्यावर आमचं. आई घरात होती.

मग कुणीतरी म्हणालं, "पाणी वाया चाललंय रे."

टँकरचा नळ धक्क्यानं ढिला झाला होता आणि पाणी अंगणात सांडत होतं. त्या एका वाक्यानं सगळे भानावर आले, म्हणजे खरं तर भान गेलं. हंडे नळाखाली लागले. ड्रायव्हर भेदरलेला, "भरून घ्या पटापट, मला निघू द्या" करत होता. टँकर गेला तर परत कधी येणार, आणि आता तर तो या दारात येणारच नाही, असं प्रत्येकाच्या मनात. भरलेले हंडे घेऊन माणसं जिना चढायला लागली. तुटलेल्या खांबावरच्या घरांत पाणी चढत होतं.

साहेब मागच्या खोलीतून आले ते अर्धी दाढी केलेले, गालावर साबण, अंगात बनियन. त्यांनी खांब पाहिला, मग मान वर करून बीम पाहिला आणि तसेच बघत राहिले. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली ते समोर येऊन उभं होतं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते अगदी हळू बोलले, "सगळे बाहेर या. पाणी राहू दे. आधी बाहेर."

कोणी ऐकलं नाही. ते जिन्याच्या तोंडाशी गेले. सुनीतावहिनी दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन चढत होत्या. "वहिनी, खाली ठेवा ते, मुलांना घेऊन बाहेर पडा."

"साहेब, असं काय करता?" वहिनी चक्क हसल्या. "खांब आज रजेवर गेलाय. शेजारचे दोघं बघतील की. तुमीच नाय का शिकवलं?"

"ते निघायला वेळ मिळावा म्हणून, वहिनी. राहायला नाही."

पण वहिनी तोवर वळणावर पोचल्या होत्या. मागून येणाऱ्या गृहस्थांनी साहेबांना बाजूला होण्याची खूण केली आणि म्हटलं, "तुमची इमारत हाय साहेब, पडाची नाय. आमचा भरवसा हाय तुमच्यावर." त्यांच्या खांद्यावर भरलेला ड्रम होता.

साहेब अंगणात परत आले. टँकरवाल्याला त्यांनी गाडी जागची हलवायची नाही असं बजावलं. मग ते तीन नंबरच्या खांबाशी गेले, त्या झुकलेल्या बीमखाली तुटक्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले. इतकी वर्षं आमच्याशी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस त्या दिवशी आपल्या गावची बोली बोलला.

"अरे, आयका सगळे. मी सळई खाल्लीय. खालची सळई घातलीच नाय. एका पन बीममधी नाय. तुमाला इतकी वरसं फसवलंय मी."

जिन्यावरचे पाय थांबले. एक क्षण काहीच झालं नाही. मग वरून एक हंडा सुटला आणि पायऱ्या वाजवत खाली आला, आणि त्याच्यामागून माणसं. सुनीतावहिनी एका मुलाला कडेवर आणि दुसऱ्याला हाताला धरून धावत आल्या. ड्रमवाले गृहस्थ ड्रम पहिल्या वळणावर टाकून आले. इतके दिवस रविवारी आरपार सळईचे पाढे म्हणणाऱ्या माणसांना ती सळई चोरीला गेली हे पटायला एवढा वेळ पुरला. इमारत बांधणारा सळई खातो, यावर विश्वास ठेवायला कुणालाच जड जात नाही.

मी उलट दिशेनं वर धावले. आई स्वयंपाकघरात पातेली मांडत होती.

"आई, चल खाली. इमारत पडतेय."

"साहेबांची इमारत हाय ही. पडत नाय."

"आई, त्यांनीच सांगितलं. सळई चोरली त्यांनी."

आईनं पातेलं खाली ठेवलं. "कोण बोललं तुला?"

"ते स्वतः बोलले, खाली सगळ्यांसमोर."

"तो माणूस तसं करणार नाय. तू नीट आयकलं नसशील," असं म्हणून ती पुढच्या खोलीत गेली आणि तिथून गॅलरीत. खांबाच्या नेमकी वर, तडा गेलेल्या कठड्याशी. तिला मागं ओढायला माझे हात उठेनात, आपल्या वजनानं आणखी काही हलेल असं वाटत होतं. ती वाकून खाली बघत म्हणाली, "साहेब, ही काय बोलते?"

साहेबांनी खालून वर पाहिलं. अर्ध्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. "खरं बोलते ती, ताई. खाल्ली मी सळई. तुमच्याच घराखालची खाल्ली."

आई वळली आणि जिना उतरायला लागली. घाबरून नाही, रागानं. एरवी गुडघे धरून उतरणारी माझी आई त्या दिवशी कठड्याला हातही न लावता उतरली, आणि मी तिच्यामागून, प्रत्येक पायरीला कानात प्राण आणून. खाली येऊन ती साहेबांच्या समोर उभी राहिली.

"आमचं आडनाव न विचारता तुमी घर दिलं," ती म्हणाली. "तवापासून मी तुमाला माणूस म्हणत होते."

"बरोबर आहे, ताई," साहेब म्हणाले. "पलीकडे रस्त्यावर जाऊन बोला."

शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

इमारत पडली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. लोखंडी टेकू लावले गेले, एकेका कुटुंबानं देखरेखीखाली आपलं सामान उतरवून घेतलं, आणि ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो गेला. आम्हाला एका बैठ्या चाळीत खोली मिळाली, आडनाव सांगून, तीन ठिकाणी नकार घेऊन. सगळा पावसाळा ती इमारत टेकूंवर उभी होती. पण शहापुरात त्यांना आता कुणी साहेब म्हणत नव्हतं. सळईखाऊ म्हणत. वाण्याच्या दुकानात, रिक्षा स्टँडवर, शाळेच्या खोलीतसुद्धा. त्यांनी खांब दुरुस्त करायचं ठरवलं असतं तरी तिथं राहायला कुणी आलं नसतं. त्यांनीच अर्ज करून इमारत पाडायला दिली आणि मुरबाडकडे बहिणीच्या घरी निघून गेले.

पाडकाम चालू होतं तेव्हा मी शाळेतून येताना तिथं थांबायचे. का, ते मलाच कळत नव्हतं. एक दिवस पुढची बाजू फोडत होते. यंत्रावरचा माणूस वैतागून खाली उतरला आणि मुकादमाला म्हणाला, "कितना लोहा डाला है रे इसने. तुटतच नाय."

मी जवळ गेले. तीन नंबरच्या खांबाच्या जागी दोन्ही बाजूंचे बीम उघडे पडले होते. काँक्रीट गळून गेलं होतं आणि सळया दिसत होत्या. खालच्या सळया एका बाजूनं येत होत्या, जिथं खांब होता त्या जागेतून जात होत्या आणि पलीकडच्या बीममध्ये शिरत होत्या. कुठं तुटलेल्या नव्हत्या, कुठं जोड नव्हता. झोल खाल्लेल्या, पण एकसंध. दोरी एकच होती. मी तिथं रस्त्यात उभी राहून रडले, आणि मुकादमाला वाटलं माझं घर गेलं म्हणून रडते आहे. तो म्हणाला, "बाई, नवीन मिळेल."

त्याच आठवड्यात मी मुरबाडला गेले. बहिणीचं घर पत्र्याचं होतं. साहेब ओट्यावर बसून वाल सोलत होते. मला पाहून म्हणाले, "या बाई. इथं निवांत बसा. पत्रा पडला तर डोकं फुटेल, जीव जायचा नाही."

मी म्हटलं, "मी सळई बघून आले."

त्यांनी सोलायचं थांबवलं नाही.

"तुम्ही खोटं का बोललात? इमारत पडणार नाही याची तुम्हाला खात्री होती ना?"

"कागदावर होती," ते म्हणाले. "खात्री असती तर खोटं कशाला बोललो असतो, बाई? बीम खाली आलाय, वर माणसं पाणी चढवताहेत. किती वेळ धरेल? तासभर, महिना, का मी बघतोय तोवरच? ते सांगता येत नाही. आणि त्यांना माझ्याच शिकवणीचा भरवसा. तो भरवसा मोडायला दुसरं काय होतं माझ्याकडे?"

"मग आता सांगू द्या लोकांना. मी सांगते. सळई मी डोळ्यांनी पाहिली."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "आणि ते काय शिकतील त्यातून? खांब गेला तरी इमारत सगळा पावसाळा उभी राहते, हे. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या इमारतीत खांब तुटेल, आत सळई तुटकी असेल, आणि लोक म्हणतील, शहापूरची नव्हती का राहिली उभी, भरा पाणी. नको. मला चोर म्हणू देत. निदान उतरतील तरी."

मला त्यांचा राग आला. असा हिशोब करणाऱ्या माणसाचा राग येतोच. स्वतःचं नाव त्यांनी एखादा टेकू लावावा तसं लोकांच्या खाली लावून दिलं होतं, आणि वर म्हणत होते काढू नका. पण मी वचन दिलं. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत वाल भरले आणि विचारलं, "नव्या खोलीत ताईंचा पलंग कुठं आहे? खिडकीखाली? वरच्या सज्जाला तडे आहेत का बघा जरा."

वचन मी पाळलं. आईलासुद्धा सांगितलं नाही. ती अधूनमधून त्यांचा उद्धार करायची, शेजारणींसमोर तर हमखास, आणि मी जिभेला कुलूप लावून भात वाढत राहायचे.

साहेब गेले ते यंदा. साध्या तापानं, त्याच पत्र्याच्या घरात. निरोप आला तसं आईनं न विचारता लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल." मला आश्चर्य वाटलं, पण निघालो. ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक शहापूरची, इमारतीच्या मागं राहणारी. बहीण आत गेल्याचं बघून ती हलक्या आवाजात बाजूच्या बाईला म्हणाली, "सळई खाल्लेली म्हणतात यानं. माणसं मरता मरता वाचली."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई मोठ्यानं म्हणाली, "खाल्लीच. आमच्याच घराखालची खाल्ली. मला सोता बोलला. म्हणून सांगते, कुठं खांबाला काय झालं तर हंडा टाकाचा नि पळाचं. कोनाच्या भरवशावर बसाचं नाय."

बायकांनी माना हलवल्या. मला तिथं बसवेना. परतताना नाक्यावर जीपची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा मात्र राहवलं नाही.

"मेलेल्या माणसाच्या दारात तरी असं बोलू नये, आई."

आई रस्त्याकडे बघत होती. "मी त्या दिवशी गॅलरीतून वाकून खाली बघितलं. तो कुठं उभा होता?"

"खांबाशी."

"त्या मोडक्या बीमच्या खाली. सगळी उतरस्तोवर तितंच. सळई कुठं नाय ते चोराला ठाव असतं गो. चोर तितं उभा राहील काय? राग उतरला तवा कळलं मला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? मग एवढी वर्षं शिव्या का देत होतीस?"

"त्यानंच सांगितलं ना, सळई खाल्ली म्हणून," आई म्हणाली. "एवढा इमानी माणूस एकदाच खोटं बोलला. ते मी वाया घालवू काय?"

जीप आली. आईला मी आधी चढवलं आणि दाराजवळ बसवलं.